अंगठा, दोन बोटं आणि आपला आवाज

गेल्या शनिवारी लॅपटॉप साफ करताना एक जुनी फाइल सापडली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी गॅदरिंगमध्ये आमच्या बँडनं जो काही धुमाकूळ घातला होता, त्याचं कोणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग. त्यात माझा दीड मिनिटाचा सोलो आहे. एका जगप्रसिद्ध गाण्यातला सोलो, सूर-न्-सूर तसाच. तो बसवायला मला चार महिने लागले होते. स्टेजवरून उतरल्यावर एक मित्र म्हणाला होता, "डोळे मिटले ना, तर ओरिजिनलच लावलंय असं वाटतं रे!" त्यानंतर मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो.

आता ऐकताना मात्र ते वाक्य वेगळंच वाटलं. ओरिजिनलच लावलंय असं वाटत असेल, तर ओरिजिनलच का लावू नये? मी तिथे नक्की काय करत होतो?

हा प्रश्न सुचण्यामागे अजून एक प्रसंग आहे. नोकरीला लागल्यावर ऑफिसातले आम्ही चारपाच जण रविवारी एकाच्या गच्चीवर जमायला लागलो. तिथे एक जण ड्रम्स वाजवायचा, आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "ए मायनर धरतो, तू वाजव काहीतरी." मी म्हटलं, "कुठलं गाणं?" तो म्हणाला, "गाणं नाही रे, तुझं काहीतरी." मी वाजवायला लागलो, आणि चार आवर्तनांत लक्षात आलं की माझ्या बोटांतून जे बाहेर पडतंय ते तुकडे आहेत. इकडचा एक, तिकडचा एक. थांबल्यावर तो शांतपणे म्हणाला, "छान आहे. पण यातलं तुझं कुठलं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही नीट देता येत नाही. पण त्या प्रश्नामुळे गेले वर्षभर मी वीकेंडला ज्यांना ऐकत आणि वाचत बसलोय, त्यांच्याबद्दल आज लिहायचंय. ज्या गिटारवाल्यांचे दोन सूर ऐकले की "हा तोच!" असं आपण म्हणतो, त्यांना तो आवाज सापडला कसा?

सुरुवात चार्ली ख्रिश्चनपासून करतो, कारण पुढची बरीचशी मंडळी त्याच्याच अंगणातून गेली आहेत. जन्म १९१६चा, टेक्सासमधला, पण वाढला ओक्लाहोमा सिटीत. त्या काळात जॅझच्या मोठ्या बँडमध्ये गिटारवाल्याची अवस्था काय असायची? डझनभर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन आणि ड्रम्स यांच्या गर्दीत तो बिचारा कॉर्ड खडखडवत बसलेला. ताल धरायला उपयोगी, पण एकेक सूर वाजवून काही 'बोलायचं' म्हटलं तर पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीनं ईएस-१५० नावाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तिच्यातल्या पट्टीच्या आकाराच्या पिकअपला आजही लोक 'चार्ली ख्रिश्चन पिकअप' म्हणतात.

आता गंमत बघा. ही गिटार फक्त चार्लीकडेच नव्हती. ज्याच्याकडे पैसे होते त्याला ती दुकानात मिळत होती. मग वेगळं काय झालं? तर चार्लीला गिटारपेक्षा सॅक्सोफोन जास्त आवडायचा! लेस्टर यंगसारख्या सॅक्सवाल्यांच्या लांबच लांब, श्वासाच्या लयीत जाणाऱ्या ओळी त्याच्या कानात बसल्या होत्या. इलेक्ट्रिक गिटार हातात आल्यावर त्यानं त्या ओळी तारांवर वाजवायला घेतल्या. ऑगस्ट १९३९ मध्ये जॉन हॅमंड नावाच्या संगीतवेड्या निर्मात्यानं त्याला लॉस एंजेलिसला बेनी गुडमनसमोर उभं केलं, आणि गुडमननं त्याला घेतलं. पुढे जेमतेम अडीच वर्षं. मार्च १९४२ मध्ये क्षयानं तो गेला तेव्हा वय होतं २५. माझ्यापेक्षा लहान! तेवढ्यात त्यानं गिटारला बँडच्या मागच्या खुर्चीवरून उठवून पुढे आणून ठेवलं.

म्हणजे पहिली नोंद ही, की त्याचा आवाज गिटारमधून आलाच नाही. तो आला दुसऱ्याच वाद्याबद्दलच्या त्याच्या आवडीतून.

आता माझा सगळ्यात लाडका माणूस. वेस मॉन्टगोमेरी. जन्म १९२३, इंडियानापोलिस. आधी तो चार तारांची टेनर गिटार थोडीफार वाजवायचा, पण विशीच्या आसपास त्यानं चार्ली ख्रिश्चनची रेकॉर्ड ऐकली आणि पठ्ठ्याचं डोकंच फिरलं. सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प घरी आणला. शिक्षक नाही, नोटेशन वाचता येत नाही (ते त्याला आयुष्यभर आलं नाही). रेकॉर्ड लावायची, ऐकायचं, तारांवर शोधायचं, पुन्हा सुई मागे न्यायची. असं करत त्यानं चार्लीचे सोलो पाठ केले. मग त्याला गावातल्या एका क्लबात काम मिळालं. काम काय? तर चार्ली ख्रिश्चनचे सोलो वाजवायचे! स्टेजवर जायचं, पाठ केलेले सोलो वाजवायचे आणि खाली उतरायचं. याच्या पलीकडे त्याला काही येतच नव्हतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. म्हणजे जगातल्या सगळ्यात सहज ओळखू येणाऱ्या गिटारवाल्यांपैकी एकाची सुरुवात माझ्या गॅदरिंगमधल्या सोलोसारखीच झाली होती की! नक्कल, शंभर टक्के नक्कल, आणि वर त्याचे पैसे.

अंगठ्याची गोष्ट इथेच येते. गिटारची तार छेडायला बहुतेक जण पिक वापरतात, म्हणजे प्लॅस्टिकचा तो छोटा तिकोनी तुकडा. त्यानं सूर कसा खणखणीत, धारदार येतो. वेस रात्री घरी अ‍ॅम्प लावून रियाज करायचा आणि शेजारी वैतागायचे, अशी गोष्ट सांगतात. आवाज कमी करायला म्हणून त्यानं पिक बाजूला ठेवली आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं तार छेडायला सुरुवात केली. अंगठ्याचा मांसल भाग तारेवर पडला की सूर मऊ होतो, गोल होतो, त्याची धार जाते. आज त्याच्या रेकॉर्डवर जो ऊबदार, जाडसर सूर ऐकू येतो तो या अंगठ्याचा आहे.

ही गोष्ट इतकी गोंडस आहे की ती सांगून लोक तिथेच थांबतात. 'बघा, अडचणीतून कला जन्मते!' आपल्या ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर टाकायला अगदी योग्य. पण मला त्यात एक अडचण दिसते. शेजाऱ्यांमुळे अंगठा आला, हे ठीक. पण क्लबात तर शेजारी नव्हते ना? रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत तर नक्कीच नव्हते. तिथे त्यानं परत पिक का नाही उचलली? पिकनं वेगात वाजवणं सोपं जातं. अंगठा वर-खाली फिरवत त्या वेगात वाजवणं म्हणजे महाकठीण काम. सगळी व्यावहारिक कारणं पिकच्या बाजूची होती. तरी तो अंगठ्यावर राहिला, कारण त्याला तो आवाज आवडला होता!

शेजाऱ्यांनी त्याला फक्त तो आवाज ऐकायला लावला. ठेवायचा की टाकायचा हे त्याच्या कानानं ठरवलं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. आम्ही कोडवाले नेहमी एक विनोद करतो, की बग कुठला आणि फीचर कुठलं हे शेवटी कोणीतरी बसून ठरवतं. वेसनं ते ठरवलं.

दुसरी गोष्ट ऑक्टेव्हची. ऑक्टेव्ह म्हणजे आपलं सप्तकाचं अंतर. मध्य सा आणि तार सा एकदम वाजवा, झाला ऑक्टेव्ह. गिटारवर हे दोन सूर दोन वेगळ्या तारांवर येतात आणि त्यांच्यामध्ये एक किंवा दोन तारा असतात, त्यांना डाव्या हाताच्या बोटांनी दाबून मुकं ठेवावं लागतं. असं एकदोनदा वाजवणं कोणालाही जमेल, आणि वेसच्या आधीही ते वाजवलं गेलं होतंच. पण हा माणूस आख्खी धून, आख्खा सोलो ऑक्टेव्हमध्ये वाजवायचा, तोही धावत्या लयीत. त्याचा सोलो बऱ्याचदा तीन मजली असतो. तळमजल्यावर एकेक सूर. मग पहिल्या मजल्यावर ऑक्टेव्ह. आणि वरती भरगच्च कॉर्डमध्येच धून. ऐकताना वाटतं की माणूस तोच आहे, पण वाद्य मोठं होत चाललंय.

आणि हे सगळं जगाला कधी कळलं? १९४८ ते १९५० अशी दोन वर्षं तो लायोनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर फिरला. मग बायकापोरांसाठी घरी परतला. पुढची जवळपास दहा वर्षं त्याचा दिनक्रम वाचून मला माझ्या 'वेळच मिळत नाही' या वाक्याची लाज वाटली. दिवसा कारखान्यात नोकरी. संध्याकाळी थोडी झोप. रात्री एका बारमध्ये वाजवायचं आणि ते बंद झालं की पहाटेपर्यंत दुसऱ्या क्लबात. सकाळी पुन्हा कारखाना. १९५९च्या सप्टेंबरमध्ये सॅक्सोफोनवाला कॅननबॉल अ‍ॅडर्ली इंडियानापोलिसला आला होता. त्यानं रात्री मिसाइल रूम नावाच्या क्लबात वेसला ऐकलं आणि न्यूयॉर्कला परतल्यावर रिव्हरसाइड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजच्या मागे लागला, की या माणसाला घ्या. ऑक्टोबरमध्ये पहिलं रेकॉर्डिंग झालं. १९६०च्या जानेवारीत 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस मॉन्टगोमेरी' हा अल्बम रेकॉर्ड झाला. तेव्हा वेस होता ३६ वर्षांचा. गिटारच्या जगात त्याचं नाव झालं ते नक्कल करून पैसे घेणाऱ्या त्या पोरापासून पंधराएक वर्षांनी.

'अडचणीतून आवाज' या सिद्धांताचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून लोक ज्याचं नाव घेतात, तो जँगो राइनहार्ट. त्याला सोडून पुढे जाता येणार नाही. १९१० मध्ये बेल्जियममधल्या लिबरशी गावाजवळ एका भटक्या रोमानी कुटुंबात जन्म, बालपण पॅरिसच्या बाहेरच्या तळांवर. बारातेराव्या वर्षापासून हा मुलगा अकॉर्डियनवाल्यांच्या साथीला बँजो वाजवून पैसे मिळवत होता. २ नोव्हेंबर १९२८च्या रात्री त्याच्या गाडीघराला आग लागली. बायको विकायला सेल्युलॉइडची फुलं बनवायची, ती क्षणात पेटली. जँगो वाचला, पण पाय आणि डावा हात भयंकर भाजले. डॉक्टर पाय कापायचा म्हणत होते, त्यानं नकार दिला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडली ती कायमची. वय १८.

जवळपास दीड वर्ष तो बरा होत होता. भाऊ जोसेफनं गिटार आणून दिली. त्या गिटारवर त्यानं तर्जनी आणि मधलं बोट या दोन बोटांवर सोलो वाजवण्याची पूर्ण नवी पद्धत बसवली. आखडलेली बोटं कॉर्डमध्ये कुठेतरी टेकवण्यापुरती. चार बोटं असलेला माणूस एका जागी हात ठेवून सूर काढतो. दोनच बोटं असतील तर हात सतत गिटारच्या मानेवरून वर-खाली पळवावा लागतो. जँगोच्या त्या लांब लांब उड्या, ते तारेवरून वाहत गेल्यासारखे सूर यामागे हे गणित आहे.

इथेही लोक थांबतात. पण मला विचाराल तर गोष्टीतला महत्त्वाचा भाग पुढे आहे, १९३१ मध्ये, दक्षिण फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात. तिथे एमिल साव्हित्री नावाच्या चित्रकाराशी जँगो आणि जोसेफची ओळख झाली. साव्हित्रीकडे अमेरिकन जॅझच्या रेकॉर्ड होत्या. त्यानं या दोघांना घरी नेलं आणि लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, आणि व्हायोलिनवाला जो व्हेनुटी व गिटारवाला एडी लँग यांची जोडी ऐकवली. जँगोसाठी तो दिवस म्हणजे खिडकी उघडल्यासारखा. दोन बोटांचं तंत्र तोवर होतंच. पण त्या तंत्रानं काय म्हणायचं, हे त्या रेकॉर्ड ऐकल्यावर समजलं.

विचार करा, आग लागली नसती आणि तुलाँला तो गेला असता, तर चार बोटांनी तो कदाचित वेगळं पण उत्तमच जॅझ वाजवता. पण आग लागून तो तुलाँला गेलाच नसता, तर? तर तो पॅरिसच्या नाचघरांतला एक अफाट, दोन बोटांचा, अकॉर्डियनच्या साथीचा वादक झाला असता. १९३४ मध्ये स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनबरोबर 'क्विंटेट ऑफ द हॉट क्लब ऑफ फ्रान्स' उभा राहिला. त्यात ड्रम्स नाहीत, ट्रम्पेट नाही. एक व्हायोलिन, तीन गिटार, एक डबल बास. बोटं आगीनं ठरवली, पण या पाच तंतुवाद्यांमधून आर्मस्ट्राँगचा जोश काढायचा हे आवडीनं ठरवलं. आणि त्या सुरावटींत रोमानी तळांवरचं, लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं मिसळलेलं आहेच. अमेरिकन रेकॉर्डची हुबेहूब नक्कल करायला गेला असता तरी ते त्याला पुसता आलं नसतं.

जँगो १९५३ मध्ये गेला. पण त्याच्या दोन बोटांनी बारा वर्षांनी इंग्लंडमध्ये अजून एक चमत्कार केला. १९६५, बर्मिंगहॅम. टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस भरत होता. मशिनमध्ये हात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटली. टोनी डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात नेमका तोच. सगळं संपलं म्हणून बसला असताना कारखान्यातले एक वरिष्ठ त्याला भेटायला आले, एक रेकॉर्ड घेऊन. तो ऐकायला तयार नव्हता. त्यांनी आग्रह केला. रेकॉर्ड जँगोची होती. ऐकून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की हा माणूस दोन बोटांनी वाजवतो.

मग टोनीनं काय केलं, तर भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, घासून घासून मापाच्या बनवल्या आणि त्यावर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं म्हणून बँजोच्या पातळ तारा लावून पाहिल्या. पुढे तारा ढिल्या करून सूरच खाली उतरवले. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मधल्या बऱ्याच गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहे. ब्लॅक सॅबथचा तो जड, काळाकुट्ट, जमिनीखालून आल्यासारखा आवाज ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. हेवी मेटलचा पाया तिथे घातला गेला.

आता माझ्या सिद्धांताची परीक्षा घ्या. जँगो आणि टोनी, दोघांचीही दोन-दोन बोटं गेली. एकानं दुसऱ्याची रेकॉर्ड ऐकून उभारी धरली. मग दोघांचा आवाज सारखा यायला हवा होता ना? एकाचं संगीत वाऱ्यासारखं हलकं आणि दुसऱ्याचं रोडरोलरसारखं. अडचण तीच, पण आवड वेगळी. टोनीनं जँगोकडून सूर घेतले नाहीत, फक्त धीर घेतला.

या सगळ्यात एक नाव आपल्याकडचंही घ्यायला हवं. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा. जन्म १९३७. हवायन गिटार, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारेवर लोखंडी दांडी सरकवत वाजवायची गिटार. आपल्याकडे तेव्हा हे वाद्य हलक्याफुलक्या धुनांचं समजलं जायचं. पण सरकत्या दांडीनं एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाता येतं, आणि ही तर आपली मींड! काबरांना राग वाजवायचा होता. ते अली अकबर खाँसाहेबांकडे, म्हणजे सरोदियाकडे शिकले. १९६७ मध्ये एचएमव्हीचा 'कॉल ऑफ द व्हॅली' आला. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही रेकॉर्ड किंवा कॅसेट असेल आणि त्यातली गिटार ही 'गिटार' आहे हे कित्येकांच्या लक्षातही आलं नसेल. इथे ना आग, ना कारखाना, ना शेजारी. बोटं शाबूत. आवाज आला तो फक्त 'मला हे वाद्य आवडतं आणि मला ते संगीत आवडतं' यातून. चार्ली ख्रिश्चनच्या डोक्यात सॅक्स होता, काबरांच्या डोक्यात राग होता.

म्हणजे आवड असली की झालं? थांबा. वेसच्या गोष्टीचा शेवट राहिलाय, आणि तो मला जरा त्रास देतो.

१९६५ मध्ये विंटन केली ट्रिओबरोबरचा 'स्मोकिन अ‍ॅट द हाफ नोट' हा अल्बम आला. कोणी विचारलं तर मी पहिला तो ऐकायला सांगतो. पण त्याच सुमारास निर्माता क्रीड टेलरनं वेसला वेगळ्या वाटेवर नेलं होतं. लोकप्रिय गाण्यांच्या धुना, मागे व्हायोलिनांचा मोठा ताफा, आणि वर वेसचे ऑक्टेव्ह. सोलो आखूड किंवा नाहीच. १९६७चा 'अ डे इन द लाइफ' प्रचंड खपला. घरी मोठा संसार होता, वर्षानुवर्षं दोन-दोन नोकऱ्या केलेल्या माणसाला पैसे मिळाले, त्यात वाईट काय? समीक्षकांनी नाकं मुरडली. १५ जून १९६८ला हृदयविकारानं तो गेला. वय ४५.

ते शेवटचे अल्बम ऐकताना मला असं जाणवतं, की आवाज शंभर टक्के त्याचा आहे. अंगठा तोच, ऑक्टेव्ह तेच. दोन सुरांत ओळखू येतो. पण काय वाजवायचं हे ठरवणारा कान बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या कोणाचा तरी आहे. म्हणजे 'आपला आवाज' सापडला की प्रश्न सुटला, असं नाही. आवाज ही सही आहे. कुठल्या कागदावर सही करायची हे रोज नव्यानं ठरवावं लागतं.

आणि ज्याला वेस मनापासून आवडतो त्यानं काय करावं? मिसुरीतल्या एका छोट्या गावात वाढणाऱ्या, १९५४ मध्ये जन्मलेल्या पॅट मेथेनीपुढे नेमका हाच पेच होता. किशोरवयात तो वेसचा वेडा भक्त. अंगठ्यानं वाजवायचा, ऑक्टेव्हमध्ये वाजवायचा, हुबेहूब. लोक खूश व्हायचे. आणि मग पंधराएक वर्षांचा असताना त्यानं ते ठरवून बंद केलं. त्याचं म्हणणं साधारण असं, की ज्याच्यावर इतकं प्रेम आहे त्याची वस्तू आपण वापरत राहणं हा त्याचा मान नाही. मग राहिलं काय? वेसचे ऑक्टेव्ह काढून टाकल्यावर खाली वेसची दुसरी गोष्ट उरते. गाता येईल अशी धून, आणि ऐकणाऱ्याला हात धरून मजल्यामजल्यानं वर नेणं. १९७६चा मेथेनीचा 'ब्राइट साइझ लाइफ' ऐका. त्यात वेसचा एकही ऑक्टेव्ह शोधू नका, पण वेस तिथे आहे.

मला वाटतं नकलेचेही दोन प्रकार असावेत. एक, त्यानं काय वाजवलं याची नक्कल. दुसरी, त्यानं तसं का वाजवलं याची. वेसनं चार्लीचे सोलो पाठ केले ही पहिली. मग 'गिटारनं गायला पाहिजे' हा चार्लीचा हट्ट त्यानं उचलला, ही दुसरी. मी चार महिने घालवून पहिली केली आणि दुसरीच्या वाटेलाच गेलो नाही. पहिली केली याचं मला आता वाईट वाटत नाही. तिथे थांबलो याचं वाटतं.

तर परत त्या जुन्या फाइलकडे. मी ती पुन्हा ऐकली, हेडफोन लावून, यावेळी फरक शोधत. ओरिजिनलपेक्षा माझं कुठे वेगळं आहे? अर्थात जिथे चुकलोय तिथे. बहुतेक चुका नुसत्याच चुका आहेत, त्यांच्याबद्दल काही तत्त्वज्ञान मांडायला नको :) पण एक चूक पुन्हा पुन्हा येते. वरचा सूर थेट न धरता मी दोन फ्रेट खालून घसरत त्याच्यावर जातो आणि पोचायला जरा उशीर करतो. ही सवय मला माहीत होती. गेल्या वर्षी मेट्रोनोम लावून सहा महिने मी ती मोडायचा प्रयत्न करत होतो आणि बऱ्यापैकी मोडलीही होती. ती कुठून आली असेल? लहानपणी सकाळी घरी रेडिओवर जे गाणं लागलेलं असायचं त्यातून? की नुसताच बोटांचा आळस? दुसरी शक्यता जास्त आहे, मान्य.

पण वेसच्या अंगठ्याचं कारणही काही फार थोर नव्हतं.

येत्या रविवारी गच्चीवर जाणार आहे. ए मायनरच असेल बहुधा. यावेळी तो घसरणारा सूर दुरुस्त न करता ठेवून बघतो, आणि घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकतो. आवडला तर ठेवीन, नाही आवडला तर मेट्रोनोम आहेच. पण ते मी ऐकून ठरवणार, इतकं नक्की.